बर्फातली उडती बोट

रेडमंडहून सिॲटलला जाताना लेक वॉशिंग्टनवरचा पूल लागतो ना, त्याच तळ्यात रेंटनजवळ १९४९ साली नौदलाचं एक ‘मरीनर’ विमान बुडालं. मरीनर म्हणजे उडती बोट. तिचं पोट होडीसारखं. ती पाण्यावरूनच उडते आणि पाण्यावरच उतरते.

असंच एक मरीनर ३० डिसेंबर १९४६ रोजी अंटार्क्टिकाचे फोटो काढायला निघालं. नकाशासाठी ते हवे होते. आत नऊ जण. वर पांढरे ढग, खाली पांढरा बर्फ. जमीन कुठे नि आभाळ कुठे, काही कळेना! विमान थर्स्टन बेटावर बर्फाला घासलं आणि स्फोट झाला. तिघे गेले. उरलेले सहा जण मोडक्या विमानाच्या आडोशाने राहिले, तब्बल तेरा दिवस.

शेवटी दुसऱ्या मरीनरला ते दिसले. पण उडती बोट बर्फावर कशी उतरणार? तिला मोकळं पाणीच हवं. म्हणून ही जखमी माणसं सुमारे दहा मैल चालली. वैमानिक लेब्लांक यांना चालता येईना, त्यांना घसरगाडीवरून ओढत नेलं. पुढे हिमदंशामुळे त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले.

गेलेल्या तिघांना सोबत्यांनी विमानाच्या पंखाजवळ पुरलं होतं. ते आजही त्याच बर्फात आहेत.