यकृताच्या पेशीतला शेजारधर्म

शाळेच्या पुस्तकात पेशीचे चित्र असते. मध्ये केंद्रक, एका अंगाला तंतुकणिका, दुसऱ्या अंगाला आंतर्द्रव्यजालिका. जो तो जणू आपापल्या ओसरीवर बसलेला. ओळख व्हावी म्हणून हे ठीक आहे. पण खऱ्या पेशीत एवढा ऐसपैसपणा नसतो बरे का!

आपल्या यकृताचेच घ्या. त्याच्या एकेका पेशीत हजारभर तरी तंतुकणिका असतात. अन्नातून शक्ती काढायची हे त्यांचे काम. आंतर्द्रव्यजालिका म्हणजे पातळ पडद्यांचे जाळे. तिथे प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ तयार होतात. हे दोघे जागोजाग एकमेकांना खेटून असतात. मधले अंतर साधारण १० ते ३० नॅनोमीटर, आणि एका मिलिमीटरात नॅनोमीटर भरतात दहा लाख! तरी पडदे एकजीव होत नाहीत. प्रथिनांचे दुवे त्यांना धरून ठेवतात.

१९५६ साली बर्नहार्ड आणि रूइये या संशोधकांनी उंदराच्या यकृतपेशीत ही जवळीक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहून नोंदवली. पण ही नुसती दाटी, की कामाची सोबत? १९९० साली कॅनडात जीन व्हान्स यांनी उंदराच्या यकृतातून तंतुकणिकांना चिकटलेले पडदे वेगळे काढले. पेशीच्या पडद्यांना लागणारे स्निग्ध पदार्थ तिथे तयार होताना आढळले. शेजारणीने भिंतीवरून पीठ द्यावे आणि तिकडून भाकरी होऊन परत यावी, तसा हा व्यवहार. जालिकेकडून आलेल्या पदार्थाचे तंतुकणिका रूप पालटते, आणि त्यातला काही भाग जालिकेकडे परत जातो. कॅल्शियमही याच वाटेने तंतुकणिकेत जाते आणि तिच्या कामाला जोर देते.

मग जवळीक जितकी जास्त तितकी बरी, असे म्हणावे का? तसे नाही. २०१४ साली अमेरिकेतील प्रयोगांत लठ्ठ उंदरांच्या यकृतात ही जोडणी वाजवीपेक्षा वाढलेली दिसली. कॅल्शियम फार शिरून तंतुकणिकांचे काम बिघडले होते. जोडणी वाढवणारे एक प्रथिन कमी करताच उंदरांच्या शरीरातील साखरेचा कारभार सुधारला. त्याच वर्षी फ्रान्समधील प्रयोगांत मात्र उलटे दिसले. मधुमेही उंदरांत जोडणी कमी पडली होती, आणि यकृत इन्सुलिनचा हुकूम नीट मानीत नव्हते. या दोन निकालांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही. पण जोडणीचा तोल मधुमेहाशी संबंधित आहे, एवढे दोन्हींतून दिसते.

तेव्हा गुरुजी, पुढच्या खेपेस फळ्यावर पेशी काढाल, तेव्हा तंतुकणिका जालिकेला खेटून काढा. एखादे पोर विचारील, "गुरुजी, ह्या दोघी चिकटल्या का?" मग त्याला पीठ-भाकरीची गोष्ट सांगा.