विश्लेषण : तोंडी सगळे येते, मग वाचताना का अडते? डिस्लेक्सियाची लक्षणे कशी ओळखाल?

उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या चाचणीचे पेपर घरी आले की नागपुरातील अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते : ‘तोंडी सगळे येते, लिहायला बसला की चुका. लक्षच देत नाही.’ अशा प्रत्येक मुलाला डिस्लेक्सिया असतोच असे नाही. पण काहींची अडचण आळसाची नसून वाचनाची असते.

डिस्लेक्सिया म्हणजे काय?
अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड सहज न बसणे. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. अनेकदा कुटुंबात आणखी कुणाला तशीच अडचण असते.

कोणत्या खुणा पाहाव्यात?
शाळेआधी : उशिरा बोलणे, बडबडगीतातील यमक न कळणे, वारांची नावे क्रमाने लक्षात न राहणे.
पहिली-दुसरी : ‘क’, ‘म’, ‘ळ’ सुटे ओळखता येतात, पण ‘कमळ’ जुळत नाही. घ-ध, भ-म यांत गोंधळ होतो. काना, मात्रा, वेलांटी गळतात.
तिसरीनंतर : जोडाक्षरांवर अडखळणे, ओळ सुटणे, पहिले अक्षर पाहून अंदाजाने शब्द म्हणणे, एकच शब्द एकाच पानावर वेगवेगळा लिहिणे. तोच धडा वाचून दाखवला, तर मात्र उत्तरे बरोबर येतात.

उलटी अक्षरे काढली म्हणजे डिस्लेक्सिया?
नाही. सहा-सात वर्षांपर्यंत अनेक मुले तसे लिहितात. ‘बावन्न’ म्हणताना आधी दोन ऐकू येतात, म्हणून सुरुवातीला २५ लिहिले जाणेही स्वाभाविक आहे. एखादी खूण पुरेशी नसते. अनेक खुणा एकत्र दिसत असतील आणि शिकवूनही महिनोन्महिने टिकत असतील, तर दखल घ्यावी. केवळ इंग्रजीत अडत असेल, तर सरावाचा अभाव असू शकतो. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत अडत असेल, तर तपासणी करावी.

तपासणी कुठून सुरू करावी?
आधी डोळे व कान तपासून घ्या. मग बालरोगतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर देण्याची तरतूद होती. त्यांत १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती. विशेष शिक्षकाची मदत मात्र प्रमाणपत्राआधीही सुरू करता येते.

प्रमाणपत्राचा उपयोग काय?
दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. पात्र विद्यार्थ्याला बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो, त्यामुळे दहावीची वाट पाहू नका.

आज काय कराल?
महिनाभर वहीतील चुकांचे फोटो तारखेनुसार मोबाइलमध्ये ठेवा आणि वर्गशिक्षकांना दाखवा. आणि तोवर घरात ‘मठ्ठ’ हा शब्द नको.