नऊ पीसचा सेट नको

सकाळी पावणेआठ. शिवाजी उद्यमनगरातलं आमचं शेड उघडलं तर दोन नंबरचं सीएनसी बंद. शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेली बेअरिंग हाउसिंगं अर्धी झालेली, अर्धी तशीच. बोअरिंग बारच्या टोकाला बोथट इन्सर्ट. रात्रपाळीच्या पोराला स्क्रू काढता आला नाही. शेजारी पडलेली स्टार की बघितली आणि कारण कळलं: सहाही पाकळ्या झिजलेल्या, टोकाला पीळ पडलेला.

आठ. सेटर मामा आले. किल्लीकडे न बघता त्यांनी दाभण मागितलं आणि स्क्रूच्या खाचेतला बिडाचा काळा गाळ कोरून काढला. मग हवा मारली. "खाली भुसा बसलाय, की वरच्यावर फिरतीया. खाच खाणार न्हाई तर काय?" होल्डरच्या डब्यातून आलेली धड टी-१५ स्टार की त्यांच्या खिशात असतेच. ती बसवली, मागून हलकी टिचकी दिली, स्क्रू सुटला. मशिन चालू झालं, पण एका किल्लीवर दोन पाळ्या किती दिवस रेटायच्या?

साडेनऊ. बाजारात जायच्या आधी घरचे स्क्रू मोजायला बसलो. हे काम कुणी करत नाही आणि खरी निवड इथंच होते. सीसीएमटी ०९टी३ इन्सर्टला टी-१५, मोठ्या फेस मिललाही टी-१५. एपीएमटी ११३५ च्या बारक्या कटरला टी-८. छोट्या बोअरिंग बारला कुठं टी-७, कुठं टी-८, कंपनीगणिक बदलतं. एका होल्डरच्या डब्यावर '८ आयपी' लिहिलेलं. म्हणजे टॉर्क्स प्लस, साध्या स्टार म्हणजे टॉर्क्सपेक्षा वेगळी जात. साधी टी-८ त्यात जाते, पण ढिली बसते. आयपीची किल्ली मात्र साध्या खाचेत शिरतच नाही. तिची वेगळी ओळ लिहिली.

सव्वाअकरा. दुकानात. "मालक, नऊ पीसचा सेट घ्या की," म्हणत दुकानदारानं पाऊच उलगडला. टी-१०, १५, २०, २५, २७, ३०, ४०, ४५, ५०. मोटारीच्या गॅरेजला सोन्यासारखा. आमच्या शेडमध्ये त्यातली एखाद-दुसरीच किल्ली वापरात येईल, बाकीच्या पाऊचमध्येच गंजतील. शिवाय प्रत्येकीच्या टोकाला मधोमध भोक. मध्ये खुंटी असलेल्या, कुणी सहज उघडू नये अशा स्क्रूंसाठी ते भोक असतं. साध्या स्क्रूतही ती किल्ली बसते, म्हणून दुकानदार तीच पुढं करतात. पण टी-८ चं टोक जेमतेम २.३ मिमीचं, त्याच्या पोटातूनच भोक पाडलं तर ताकद कुठून राहणार?

मी सुटे ड्रायव्हर मागितले. नाशिकच्या टपारियाचे, जर्मनीच्या वेराचे, जे असतील ते काउंटरवर मांडायला लावले. नाव बघायच्या आधी टोक बघायचं. पाकळ्यांच्या कडा टोकापर्यंत सरळ हव्यात, निमुळत्या नकोत. खिशात कोरा स्क्रू नेला होता. तो टोकावर बसवून हलवून पाहिला. डुलला की ड्रायव्हर परत. टी-१५ व्हर्नियरवर सुमारे ३.३ मिमी भरायला हवा. एक तीनच्या खाली निघाला. तो मी बाजूला सारला, दुकानदारानं मुकाट्यानं फळीवर ठेवला. गिऱ्हाईक मिळेल त्यालाही.

एक वाजता डबा.

अडीच. नवे ड्रायव्हर मामांच्या हातात. टॉर्क्स ही १९६७ सालची, अमेरिकेतल्या कॅमकार कंपनीची करामत. फिलिप्सच्या उतरत्या खाचेतून जोर वाढला की ड्रायव्हर वर सरकून सुटतो. टॉर्क्सच्या भिंती उभ्या, म्हणून सगळा जोर फिरवण्यातच जातो. ही सोय तशी घातकही आहे. ड्रायव्हर सुटत नाही, त्यामुळे हाताला इशारा मिळत नाही, आणि अडीच मिमीचा स्क्रू थेट मानेतच तुटतो. टी-८ च्या त्या स्क्रूला सव्वा न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. टी-१५ च्या चार मिमीला तीन. आमच्या पोरांची मनगटं तालमीतली. म्हणून टी-८ ला टी-हँडल घेतलंच नाही, बारीक मुठीचा ड्रायव्हर घेतला. मुठीतच जोर मावत नाही, प्रश्न मिटला. टॉर्कवाला ड्रायव्हर घ्यावा असं मला वाटतं; मामांना वाटत नाही. "माझ्या हाताला आकडा कळतो," म्हणतात. त्यांच्या हाताला कळतो, मान्य. रात्रपाळीच्या हाताचं काय?

साडेपाच. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना कॉपर पेस्टचं बोट लावून इन्सर्ट बदलले. आयपीच्या ड्रायव्हरला लाल टेप गुंडाळला. झिजलेली की पोरानं पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकायला घेतली होती. ग्राइंडरवर तिचं टोक उडवून पोगर करून दिला.

सात. रात्रपाळी आली. टी-१५ दोन, टी-८ दोन, टी-७ एक, वहीवर सही घेऊन दिले. टी-९ दुकानात नव्हता, ऑर्डर टाकलीय. तोवर टी-९ चा स्क्रू असलेल्या ड्रिलचं काम मामांच्या पाळीत.