सर्पाच्या पेटींतील अंथरूण

हौसेनें सर्प पाळण्याची चाल अमेरिकेंत बरीच आहे. (आपल्याकडे नाग वा अजगर घरीं ठेवणें १९७२ च्या कायद्यानें गुन्हा आहे, हें श्रोत्यांनीं विसरूं नये.) पेटींत लाल सीडरचा सुवासिक भुसा पसरला म्हणजे दुर्गंधि जाईल, असें नवशिक्यास वाटतें, आणि घात होतो तो येथेंच. त्या लांकडांतील उडून जाणारीं तेलें बंद पेटींत कोंडतात व सर्पाच्या श्वासमार्गास बाधतात. तेथील 'कॉर्न स्नेक' सापाचें तर उजवें एकच फुप्फुस काम करतें! भुशांत शिरून बसणें त्यास आवडतें. त्यास ॲस्पेन लांकडाचा कोरडा रंध्याचा भुसा उत्तम. तो भिजला कीं बुरशी येते. म्हणून पश्चिम आफ्रिकेंतील 'बॉल पायथन' अजगरास तो सोयीचा नाहीं. हा प्राणी उंदरांच्या बिळांत व वारुळांत राहणारा. तेथील हवा दमट. पेटींतील हवा कोरडी पडली, तर त्याची कात तुकड्यातुकड्यांनीं निघते आणि डोळ्यांवरील पारदर्शक पापुद्रा तेथेंच चिकटून राहतो. त्याच्याखालीं नारळाच्या सोडणाचा ओलसर भुसा घालावा. चिंब मात्र नव्हे, नाहीं तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. नव्यानें आणलेल्या सापास प्रथम साधा पांढरा कागदच बरा. दिसावयास तो ओंगळ खरा. पण विष्ठेंतील बिघाड किंवा अंगावरून गळलेली बारीक काळी कीड त्यावर तत्काळ नजरेस पडते.