म्हशींना बंदी केली, मग पक्षी का घटले? समजून घ्या भरतपूरचा धडा

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान पाणपक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. पक्षी वाचावेत म्हणून १९८२ मध्ये इथे गुरे चारण्यास बंदी घातली गेली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबारात काहींचा जीवही गेला. पण बंदीचा परिणाम उलटाच झाला.

म्हशी काय करत होत्या?
उथळ पाण्यात शिरून त्या ‘पास्पालम’ नावाचे गवत खात. म्हशी गेल्या आणि गवत माजले. मोकळे पाणी झाकले गेले. बदकांना पोहायला आणि माशांना वाढायला जागा कमी पडू लागली.

हे कसे कळले?
मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) ऐंशीच्या दशकात इथे दीर्घ अभ्यास केला. चराई थांबल्यानेच गवत वाढले, असा त्याचा निष्कर्ष होता. १९९० मध्ये रामसर कराराखालील धोक्यातील पाणथळींच्या यादीतही केवलादेवचे नाव आले.

आता आव्हान काय?
ही पाणथळ मुळात माणसाने घडवलेली आहे. अजान बांधातून वेळेवर पाणी सोडावे लागते आणि गवतही काढत राहावे लागते. नुसत्या कुंपणाने पक्षी टिकत नाहीत.