पाणंदीवरची विजेची सायकल : घेताना आणि चालविताना

यंदा सुरू लागणीच्या नोंदी घेताना आमच्या गट कार्यालयात उसाच्या जातीपेक्षा विजेच्या सायकलीचीच चौकशी जास्त झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. "साहेब, शेताकडं जायला ती बॅटरीची सायकल चालंल का? चिखलात ओढंल का? का नुसतं पोरांचं खेळणं हाय?" असे प्रश्न सभासद विचारतात. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आम्ही स्वतः एक सायकल घेतली. आमच्या विभागातील दोन चिटबॉयनीही आपापल्या पैशाने घेतल्या. या तिन्ही सायकलींनी एक पावसाळा व एक गळीत हंगाम पाहिला आहे. तेव्हा प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा सर्व सभासद बंधु-भगिनींसाठी येथे लिहिणे बरे वाटले. कोणत्याही कंपनीचे नाव आम्ही घेणार नाही. ते आमचे कामही नाही.

प्रथम ही सायकल कोणाकरिता, ते पाहू. बहुतेक घरांत मोटारसायकल आहे, पण तिची चावी असते पोराच्या खिशात. घरची बाईमाणसे डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन दोन-तीन किलोमीटर चालत रानात जातात. साठी ओलांडलेल्या सभासदाला साधी सायकल चढाला दमविते आणि मोटारसायकल रेतीत सावरत नाही. अशा माणसांना ही सायकल खरोखर उपयोगी आहे, असे आमचे मत झाले आहे. तरुणांना ती फार दिवस पुरत नाही, त्यांना लगेच वेग हवा असतो. आणि भगिनींसाठी घ्यावयाची असेल तर बिनदांड्याचीच घ्यावी. दुकानात रानात चालणारी म्हणून जी दणकट, जाड टायरची सायकल दाखवितात, तिचा दांडा बहुधा उंच असतो. लुगडे नेसून त्यावर टांग टाकता येत नाही. चेनला पूर्ण झाकण आहे की नाही, तेही बघावे.

लायसन लागत नाही म्हणजे काय?

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण येथेच सभासद फसतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत बॅटरीवरच्या हलक्या वाहनास सूट दिलेली आहे. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते वाहन 'मोटार वाहन' धरले जात नाही. सायकलीच्या बाबतीत, वेग २५ वर पोचताच किंवा पायडल मारणे थांबताच मोटरची साथ सुटावी, अशी अपेक्षा आहे. मात्र ही गोष्ट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून दिलेली असावी लागते. पुण्याची ए.आर.ए.आय. ही अशीच एक संस्था. दुकानदार तोंडाने काहीही सांगो, चाचणीच्या दाखल्याची प्रत मागावी. नाही म्हणाला तर उठून यावे.

आता खरी अडचण सांगतो. काही ठिकाणी गाडी विकताना वेगाला लगाम घालणारी एक वायर दाखवितात आणि "ही काढली की चाळीसनं पळती" असे हळूच सांगतात. ती वायर काढली की सूट संपली. मग त्या गाडीला नोंदणी हवी, विमा हवा, चालविणाऱ्याला परवाना हवा आणि डोक्याला हेल्मेट हवे. आमच्याच गटातील एका सभासदाच्या घरी असे झाले. वायर काढलेली गाडी घेऊन नववीतला मुलगा पाणंदीतून डांबरी रस्त्यावर आला आणि कडेने चाललेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना धडकला. त्यांचे खुब्याचे हाड मोडले. विमा नव्हता, तो असण्याचा प्रश्नच नव्हता. गावातल्या चार माणसांनी बसून दवाखान्याचा खर्च ठरविला आणि दोन एकर खोडव्याचे बिल त्यात गेले. म्हातारबाबा आजही काठीशिवाय चालत नाहीत. मुलगा चांगला आहे, पण तो आता कोणतीच गाडी हातात घेत नाही. वीस-पंचवीसच्या वेगाने शेत काही पळून जात नाही.

स्कूटरसारख्या दिसणाऱ्या, बिनलायसनच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांविषयीही विचारणा होते. गावात दळण आणायला त्या ठीक आहेत. पाणंदीत मात्र त्यांचे लहान चाक खड्ड्यात बसते, पोट बांधाला घासते आणि रुतली तर शिशाच्या बॅटरीसकट ते धूड एकट्याने बाहेर निघत नाही. सायकल पंचवीस किलोची असली तरी पाट आडवा आला की उचलून पलीकडे ठेवता येते. रानासाठी आम्ही सायकलच सांगू.

पेटीवरचे किलोमीटर आणि रानातले किलोमीटर

बॅटरीचा हिशेब अवघड नाही. बॅटरीवर व्होल्ट आणि ॲम्पियर-तास असे दोन आकडे असतात. त्यांचा गुणाकार करावा. समजा, ३६ व्होल्ट व साडेसात ॲम्पियर-तास आहे, तर २७० वॅट-तास झाले. गड्याने पायडल मारीत डांबरीवरून चालविली तर किलोमीटरला नऊ-दहा वॅट-तास लागतात, म्हणजे २७ ते ३० किलोमीटर झाले. तीच सायकल ढेकळांच्या पाणंदीत, चढाला, मागे ओझे घेऊन चालविली की किलोमीटरला पंधरा किंवा अधिक लागतात. मग अठराच किलोमीटर उरतात आणि नुसत्या मुठीवर चालविली तर तेवढेही नाहीत. म्हणून पेटीवर लिहिलेल्या आकड्याचे रानात निम्मे धरावे. शेत तीन किलोमीटरवर असेल तर दोन हेलपाट्यांना बारा किलोमीटर होतात. त्यासाठी मोठ्या बॅटरीला जादा दहा हजार मोजण्याचे कारण नाही.

चार्जरमधली घट धरूनही एका युनिटात ही बॅटरी सुमारे तीन वेळा भरते. विजेचा खर्च असा नगण्य आहे. खरा खर्च बॅटरी बदलण्याचा, आणि तो गाडीच्या किमतीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या घरात जातो. लिथियमची बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरली-रिकामी केली की तिचा जोर उतरू लागतो. शिशाची त्याआधीच थकते. सायकल साधारण २५ ते ४५ हजारांत मिळते. घेतेवेळीच नव्या बॅटरीची किंमत विचारून पावतीच्या मागे लिहून घ्यावी आणि ती तालुक्याच्या गावी मिळते का, हेही विचारावे. बॅटरी कुलपातून काढून घरात नेता येणारी असावी. हे सोय म्हणून सांगत नाही. गोठ्यात, वैरणीशेजारी सायकल चार्जिंगला लावण्याची पाळी येऊ नये म्हणून सांगतो.

चाक, ब्रेक, माती

बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, तसा या सायकलीच्या मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटर बसविलेली असते. मागे वजन वाढते आणि खड्ड्याचा मार सगळा तारांवर येतो. आमच्या सायकलीच्या तारा पहिल्या महिन्यातच सैल झाल्या. गावच्या सायकलवाल्याकडून चाकाचा आऊट काढून घेतला आणि तारा सारख्या ताणून घेतल्या. त्यानंतर तक्रार नाही. नवी सायकल घेतल्यावर पंधरा दिवसांनी हे काम करूनच घ्यावे.

बांधावर सराटे आणि बाभळीचे काटे यांना तोटा नाही. मागचे चाक पंक्चर झाले की अनेकांना वाटते, आता मोटर उतरवावी लागणार. तसे करू नये. चाक जागेवरच ठेवून एका बाजूने टायर सोडवावा, ट्यूब बाहेर ओढावी आणि आहे तिथेच पंक्चर काढावे. मोटरच्या वायरला हात लावण्याची गरज पडत नाही. आमच्या चिटबॉयनी हे बांधावर बसून शिकून घेतले आहे. चार इंची जाड टायर दिसायला रुबाबदार आणि मऊ मातीत खरेच चांगला, पण त्याची ट्यूब खेड्यात मिळत नाही आणि सायकल जड होते. दोन-सव्वादोन इंची खाचांचा टायर आपल्या पाणंदीला पुरे आहे. हवा ठासून भरू नये, थोडी मऊ ठेवावी. स्वस्त सायकलीच्या पुढच्या स्प्रिंगपेक्षा हा मऊ टायरच जास्त धक्के खातो.

ब्रेक डिस्कचे असावेत, कारण चिखलाने रिम माखली की रबरी ब्रेक धरत नाहीत. ब्रेक दाबताच मोटर बंद पडते का, हे दुकानातच मागचे चाक उचलून तपासावे. पुढे ब्रेकचा दांडा मोडला आणि गावात साधा दांडा बसवून घेतला, तर मोटर बंद करणारी वायर सुटलेली राहते. एका चिटबॉयची सायकल अशीच ब्रेक दाबल्यावरही पुढे ओढत राहिली आणि तो उसाच्या सरीत गेला. लागले नाही, पण आठ दिवस हसणे झाले.

काळ्या रानाची माती ओली असताना सायकल नेऊ नये, हे आम्ही ठासून सांगतो. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिकण गच्च बसते, चाक फिरत नाही, पण मूठ पिळलेली असते. वीज आत जाते आणि मोटर नुसती तापते. अशा वेळी मूठ सोडून खाली उतरावे, खुरप्याने माती काढावी आणि सायकल ढकलत न्यावी. चढाचेही तसेच आहे. तुंब्यातली मोटर चालत्या चाकाला चांगली साथ देते, थांबलेल्या चाकाला नाही. चढ येण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा आणि चार पायडले मारून मग मोटर घ्यावी. युरियाचे ४५ किलोचे पोते कॅरिअरवर टाकून चढाला लावली, तर सायकल पुढून उचलते. कॅरिअर वीस-पंचवीस किलोचाच असतो. पोते बैलगाडीतूनच जाऊ द्या.

पाटातून जाताना पाणी तुंब्याच्या खाली असेल तरच जावे. आय.पी. ६५ असे लिहिलेले असते, त्यातला सहा धुळीचा आणि पाच पाण्याच्या फवाऱ्याचा. बुडविण्याची हमी त्यात नसते, त्यासाठी शेवटचा आकडा सात लागतो आणि तोही एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापुरता. ट्रॅक्टर धुतात तशी एच.टी.पी. पंपाने सायकल धुण्याचा मोह अनेकांना होतो. तसे न करता ओल्या फडक्याने पुसावी.

ही सायकल आवाज करीत नाही. हा गुण रात्रीच्या पाळीला दोष होतो. पाण्याची पाळी बदलायला जाताना समोरच्या माणसाला, जनावराला चाहूल लागत नाही. बिबट्याचा वावर असलेल्या भागात तर उसाच्या कडेने घंटी वाजवीत, बोलत, उजेड टाकीत जावे आणि शक्यतो एकटे जाऊ नये. हंगामात डांबरी रस्त्यावर दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर असतात, त्यांना मागचे दिसत नाही. सायकलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावावा. बैलगाडीला लावतो तोच चालतो.

चार्जिंगबद्दल थोडे, पण महत्त्वाचे. शेतीपंपाच्या जोडणीवर बॅटरी भरू नये. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू झाली, म्हणून कोणाला तसे वाटेल. पण ती वीज पंपासाठी आहे, आणि त्या लाईनचा दाब कमी-जास्त होऊन चार्जर जळतो तो वेगळाच. घरच्या जोडणीवर, माणूस जागा असताना भरावी. सायकल उन्हातून आली असेल तर बॅटरी अर्धा तास थंड होऊ द्यावी. मोटरीच्या पत्र्याच्या खोलीत वैशाखात ठेवू नये. पावसाळ्यात महिना-दोन महिने वापर नसेल तर निम्मी भरून ठेवावी, रिकामी ठेवल्यास ती पुन्हा उठत नाही. चार्जर तिचाच वापरावा. पिन बसली म्हणून दुसऱ्या बॅटरीचा लावू नये, कारण ३६ आणि ४८ व्होल्टचे चार्जर दिसायला सारखेच असतात. २०२२ साली देशात ठिकठिकाणी बॅटरीच्या दुचाकींना आगी लागल्या, त्यांत पुण्याचीही घटना होती. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. तरी बिनदाखल्याचा माल बाजारात येतोच. बॅटरी फुगली, पडून चेमटली किंवा उग्र वास आला तर तिला पुन्हा वीज लावू नये आणि घराबाहेर मोकळ्यावर ठेवावी. धूर निघू लागला तर आधी माणसे बाहेर काढावीत, सायकल वाचविण्यास आत जाऊ नये. तो धूर विषारी असतो.

ज्या सभासदांना सायकल प्रत्यक्ष चालवून पाहावयाची असेल, त्यांनी बाजारच्या दिवशी सकाळी अकराच्या आत गट कार्यालयात यावे. आमची सायकल तेथे असते. कार्यालयामागची पाणंद चढाची व ढेकळांची आहे, तीवर एक फेरी मारून बघावी. भगिनींनी अवश्य यावे, त्यांच्यासाठी चिटबॉयची बिनदांड्याची सायकल ठेवण्यास सांगितले आहे. आदल्या रात्री पाऊस झाला असल्यास येऊ नये.