टीम लीडला काम जमत नाही, तेव्हा

‘आमच्या लीडला काही कळत नाही’ ही तक्रार हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत आयटीतल्या कुठल्याही टीममध्ये ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ती निराधार नसते. चूक होते ती कारण शोधताना. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी 1969 मध्ये विनोदी ढंगाच्या एका पुस्तकात मांडलं होतं, की माणसाला हातातलं काम उत्तम जमतं म्हणून बढती मिळते आणि जे जमत नाही अशा पदावर पोहोचला की तो तिथेच थांबतो. पुढे ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या संशोधकांनी अमेरिकेतल्या शंभराहून अधिक कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांची आकडेवारी तपासली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार उत्तम विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी मात्र तुलनेने खालावत होती. आपल्याकडे चांगला कोड लिहिणाऱ्याला चार-सहा वर्षांत लीड करतात, तेव्हाही हेच घडतं. काम वाटून देणं, क्लायंटला नाही म्हणणं, दोघांचं भांडण मिटवणं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून ‘अकार्यक्षम’ हा शिक्का बाजूला ठेवून नेमकं काय होत नाही ते पाहायला हवं. चांगला मॅनेजर कसा असतो, हे गूगलने 2008 च्या सुमारास स्वतःच्याच कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून शोधलं. त्यातून निघालेल्या आठ गुणांत तांत्रिक ज्ञान होतं, पण शेवटच्या क्रमांकावर. तेव्हा लीडला नवं फ्रेमवर्क आपल्याइतकं येत नाही, ही तक्रार फारशी वजनदार नाही. तो निर्णय लांबवतो, क्लायंटचं म्हणणं टीमपर्यंत पोहोचवत नाही, टीमला न विचारता तारखा देऊन मोकळा होतो, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती बोलून दाखवलीच पाहिजे.

कशी, हे महत्त्वाचं. डिसेंबर 1978 मध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान इंधन संपून कोसळलं आणि दहा जणांचा जीव गेला. कॅप्टन अनुभवी होता, पण चाकांच्या बिघाडात गुंतून पडला होता. इंधन कमी होतंय हे सहकाऱ्यांना दिसत होतं, त्यांनी ते सुचवलंही, पण ठामपणे सांगितलं नाही. या अपघातानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात दोन गोष्टी एकत्र आल्या: कनिष्ठांनी ठामपणे बोलायचं आणि कॅप्टनने ऐकून घ्यायचं. ऑफिसात जीव जात नाहीत, पण सूचक बोलण्याची सवय तीच आहे. ‘सर, जरा टाइट वाटतंय’ यातून लीडला काहीच कळत नाही. ‘सर, शुक्रवारच्या रिलीजला टेस्टिंगचे दोन दिवस कमी पडतायत. एक फीचर पुढे ढकलायचं की तारीख, हे आज ठरवूया’ यात अडचण आहे, पर्याय आहेत आणि मुदतही आहे. हे एकट्यात बोलावं आणि ठरलेलं त्याच दिवशी मेलवर लिहून ठेवावं.

लीडचं काम आम्ही का करायचं, पगार तर तो घेतो, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मदत करणं आणि झाकून ठेवणं यांत फरक करावा लागतो. रात्री जागून त्याच्या चुका गुपचूप निस्तरल्या, तर वरच्यांना सगळं सुरळीत दिसतं आणि कंपनीला त्याला प्रशिक्षण द्यायची गरजच वाटत नाही. अप्रेझल त्याच्याच हातात असल्याची भीतीही खरी आहे. पण माणसाबद्दल नव्हे तर कामाबद्दल, तेही तारखांसह बोललेलं सूड म्हणून वापरणं अवघड जातं. दोन-तीनदा स्पष्ट सांगूनही काही बदललं नाही, तर त्याच नोंदी घेऊन त्याच्या वरिष्ठाकडे जावं, शक्यतो टीममधल्या आणखी एक-दोघांसह, आणि लीडला आधी कल्पना देऊन. अपमान, शिवीगाळ किंवा लैंगिक छळ असेल, तर मात्र यातलं काहीच लागू होत नाही. तिथे समजून घेत न बसता थेट एचआरकडे किंवा अंतर्गत तक्रार समितीकडे जावं.